कोविडनंतर डोक्यात धुकं? कामं अशी बेता

गॅसवर दूध ठेवून विसरणं, बोलताना नेमका शब्द न सुचणं, एकच मेल तीनदा वाचूनही न कळणं. कोविडनंतर असं होत असेल तर तो आळस नाही, घरच्यांनाही हे सांगा. आजार सुरू होऊन ३ महिने उलटले तरी त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून बी-१२, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. तिथल्या बिघाडानेही असंच होतं आणि त्यावर औषध आहे.

मग आठवडाभर वहीत नोंद ठेवा: कोणतं काम, किती मिनिटं, डोकं कधी जड झालं. हिशेब करताना विसाव्या मिनिटाला आकडे चुकत असतील, तर पंधराव्यालाच उठा. १० मिनिटं डोळे मिटून पडा. मोबाइल पाहणं ही विश्रांती नव्हे.

खरा घात होतो तो बऱ्या दिवशी. साठलेली सगळी कामं उपसली की फटका लगेच बसत नाही, बरेचदा १२ ते ४८ तासांनी बसतो. म्हणून कारण ध्यानात येत नाही. त्या दिवशीही वेळ तेवढीच ठेवा. व्यायामाचंही तसंच, रेटून करू नका.

दुधासाठी टायमर, गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी.

अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर लगेच रुग्णालय गाठा.