धातुबंधावरची उत्तरं लिहिताना या चुका टाळा

तार वीज का वाहते, पत्रा का ठोकता येतो, धातू का चमकतो? अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत सगळ्याला एकच औषध: ‘कारण मुक्त इलेक्ट्रॉन असतात.’ खोटं नाही; धातूत मोकळे फिरणारे हे इलेक्ट्रॉन आणि धनायन (धन प्रभाराचे अणू) यांच्यातली ओढ म्हणजेच धातुबंध. पण त्या इलेक्ट्रॉनांनी तिथे केलं काय, हे लिहिल्याशिवाय उत्तर अर्धंच राहतं.

सगळ्यात जास्त गडबड वर्धनीयतेत, म्हणजे ठोकून पत्रा करता येण्याच्या गुणात, होते. ‘बंध कमकुवत असल्याने अणूंचे थर सरकतात’ असं लिहू नका. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. त्याचा बंध कमकुवत कसा? खरं कारण असं, की धातुबंधाला ठरावीक दिशा नसते. थर सरकला तरी धनायनांभोवती इलेक्ट्रॉन असतातच, त्यामुळे बंध टिकतो. मिठाच्या खड्यात थर सरकला की सारख्या प्रभाराचे आयन समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. ही तुलना उत्तरात हवीच.

मग तीच तांब्याची तार पुन्हापुन्हा वाकवल्यावर तुटते का? थर सरकतात ते स्फटिकातल्या दोषांमुळे, म्हणजे अणूंच्या शिस्तबद्ध रचनेतल्या खोटींमुळे. ठोकत किंवा वाकवत गेलं की हे दोष वाढून एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम याच गुणावर चालतं: हातोडीच्या ठोक्यांनी भांडं मजबूत होतं. घडवताना फारच कडक झालं, तर भट्टीत तापवून मऊ करायचं. पुस्तकात हे सहसा नसतं, पण प्रश्न हमखास येतो.

‘तापवलं की इलेक्ट्रॉन जोरात पळतात, म्हणून वाहकता वाढते’ हेही चूक. धनायनांची कंपनं वाढून इलेक्ट्रॉनांना अडथळा होतो. नेहमीच्या तापमानाला तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. तापवल्यावर वाहकता वाढते ती सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांची.

दोन धातूंच्या बंधांची तुलना करताना मात्र नुसत्या द्रवणांकावर जाऊ नका. सोडिअम 98 अंशांना वितळतं, मॅग्नेशिअम 650 आणि अ‍ॅल्युमिनिअम 660. शेवटच्या दोघांत फरक जेमतेम दहा अंशांचा! वितळताना धातुबंध पुरता तुटत नाही, उकळताना तुटतो. उत्कलनांक पाहा: 883, 1090 आणि सुमारे 2500. एक, दोन, तीन संयुजा (सर्वात बाहेरच्या कवचातल्या) इलेक्ट्रॉनांचा फरक तिथे स्वच्छ दिसतो.

आणि ‘उष्णता फक्त मुक्त इलेक्ट्रॉनच नेतात’ असं तर लिहूच नका. हिऱ्यात ते नसतात, तरी तो तांब्याच्या कितीतरी पट चांगला उष्णतावाहक आहे. तिथे हे काम जालकाची, म्हणजे अणूंच्या बांधीव रचनेची, कंपनं करतात.