इंग्रजी वाक्याचे तार्किक रूप कसे काढावे

पार्सर म्हणजे वाक्याचे व्याकरणानुसार विश्लेषण करणारा संगणक कार्यक्रम; त्याने दिलेला वृक्ष वाक्याची रचना दाखवतो. अर्थ तर्कशास्त्राच्या सूत्रात, म्हणजे तार्किक रूपात, हवा असेल तर व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला एक अर्थनियम जोडावा लागतो. सुरुवात शब्दकोशापासून करावी. विशेषनामाला स्थिरांक (त्या व्यक्तीचे ठरलेले चिन्ह) द्यावा, अकर्मक क्रियापदाला एका स्थानाचे विधेय (एक जागा भरायची असलेले विधान) आणि सकर्मक क्रियापदाला दोन स्थानांचे. ‘जॉन लव्ह्ज मेरी’ या वाक्यात क्रियापद आधी कर्माशी जोडले जात असल्यामुळे त्याच्या लॅम्डा पदावलीत (भरायच्या जागा चलांनी क्रमाने दाखवणाऱ्या सूत्रात) कर्माचे चल पहिले ठेवावे. मग कर्ता भरला की ‘लव्ह(जॉन, मेरी)’ हे सूत्र आपोआप मिळते.

खरी कसोटी ‘एव्हरी’ आणि ‘अ’ या शब्दांची असते. ‘एव्हरी स्टुडंट रेड अ बुक’ लिहिताना ‘एव्हरी’साठी ‘जर–तर’ आणि ‘अ’साठी ‘आणि’ वापरावे. पहिल्या ठिकाणीही ‘आणि’ घातले, तर जगातील प्रत्येक वस्तू विद्यार्थी आहे असे भलतेच विधान तयार होते. तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांनी ‘एव्हरी स्टुडंट’सारख्या नामपदांना गुणधर्मांचा संच मानले, त्यामुळे विशेषनामे आणि ‘एव्हरी’, ‘अ’ यांसारखी संख्यापके असलेली नामपदे एकाच साच्यात बसतात.

‘एव्हरी स्टुडंट रेड अ बुक’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: प्रत्येकाने कोणते ना कोणते पुस्तक वाचले, किंवा सर्वांनी एकच वाचले. वृक्ष मात्र एकच असतो. तीन संख्यापकांचे 6 क्रम होऊ शकतात, म्हणून सगळी रूपे लगेच उलगडण्यापेक्षा व्याप्ती (कोणते संख्यापक कोणाच्या आत येते ते) अनिर्णित ठेवणारे रूप साठवावे, आणि संदर्भ किंवा पुढील प्रश्न निवड मागेल तेव्हाच क्रम ठरवावा.