तपासणीसाठी प्रयोगशाळा निवडताना मानांकनाची व्याप्ती पाहा

पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत रक्ततपासणीची केंद्रे जागोजागी आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या फलकावर 'एनएबीएल' (प्रयोगशाळांची गुणवत्ता पारखून मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ) ही अक्षरे दिसतात. मात्र हे मानांकन संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट लागू होत नाही. ते आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरावीक जागेला, ठरावीक चाचण्यांपुरते आणि ठरावीक मुदतीसाठी दिले जाते. त्यामुळे थायरॉइडची चाचणी मानांकित असली, तरी त्याच ठिकाणची दुसरी एखादी चाचणी तशी असेलच असे नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचे नाव शोधून चाचण्यांची यादी व प्रमाणपत्राची मुदत अवश्य पाहावी. घराजवळच्या केंद्रात केवळ नमुना घेतला जात असेल, तर प्रत्यक्ष तपासणी कोठे होते, हेही विचारावे.

एवढा खटाटोप करावा, कारण मानांकित चाचणीसाठी प्रयोगशाळेला ज्ञात मूल्याचे नियंत्रण नमुने नियमित तपासावे लागतात आणि आपले निष्कर्ष इतर प्रयोगशाळांशी ताडून पाहावे लागतात. औषधाची मात्रा ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा असा पारखलेला असणे मला अत्यावश्यक वाटते. रुग्णालयांसाठी 'एनएबीएच' हे वेगळे मानांकन आहे. रुग्णालयांची महापालिकेकडील सक्तीची नोंदणी म्हणजे मानांकन नव्हे.