रात्री अकरानंतर फोन आला की आधी काय करायचं

प्लंबिंग, लाइटची किरकोळ कामं करणाऱ्या आपल्या लोकांना रात्री फोन आला की पहिला विचार येतो, जाऊ का नको. तो प्रश्न नंतरचा. आधी फोनवरच नुकसान थांबवायचं, कारण गाडी काढून पोचेपर्यंत अर्धा तास जातोच आणि तेवढ्यात पाणी हॉलमधून खालच्यांच्या छताला लागलेलं असतं.

समोरचा माणूस घाबरलेला असतो, "काय झालं" विचारलं की पहिल्यापासून सगळं सांगत बसतो. सरळ विचारायचं, काकू, पाणी बेसिनखालून येतंय की भिंतीतून? बेसिनखालून असेल तर बहुतेक वेळा कनेक्शन पाइप फुटलेला असतो, तिथलाच अँगल कॉक (भिंतीजवळचा छोटा नळ) उजवीकडे फिरवून बंद करायला सांगा. तो जाम असला (वर्षानुवर्षं कोणी हातच लावलेला नसतो) तर बाथरूमची मेन चावी, ती पण फिरेना तर वॉचमनला उठवून गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह. खालच्या मजल्यावरचा फोन असेल तर जास्त घाई करा, टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला) वाढतं, तिथे बादली लावून भागत नाही. पाणी लाइटच्या बोर्डापर्यंत आलं असेल तर मात्र ओल्यात पाय ठेवून कोणी स्विचला हात लावायचा नाही, कोरड्या जागेवरून लाइटचा मेन स्विच बंद करता येत असेल तरच करायचा.

लाइट गेली म्हणून फोन असेल तर पहिलं विचारा शेजारी आहे का. नसेल तर आपलं काम नाही, महावितरणचं कनेक्शन असेल तर १९१२ ला तक्रार करायला सांगा. फक्त यांच्याकडेच गेली असेल तर सगळे एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे स्विच) पाडून एकेक वर करायला लावा, जो वर केला की ट्रिप होईल तो खालीच ठेवायचा, बाकी घर रात्रभर चालतं. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद, असं म्हणाले तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटलेला असू शकतो, लगेच मेन बंद, नाहीतर फ्रिज-टीव्ही सगळं जळतं. आणि आरसीसीबी (करंट कुठे गळाला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून तो वगळून रात्रीपुरता डायरेक्ट करून द्या म्हणतात ना, कितीही ओळखीचे असूदेत, करायचं नाही. तो माणसाचा जीव वाचवायला बसवलेला असतो.

गॅसचा वास म्हणाले तर एवढंच सांगा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू पण नको आणि बंद पण नको, घराबाहेर या आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो, तिथे आपण टॉर्च घेऊन शूरपणा दाखवायला जायचं नाही.

जायचं ठरलं तर निघायच्या आधीच रात्रीचा व्हिजिट चार्ज सांगा आणि व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा, दारात पैशावरून वाद झाला की दोघांचीही रात्र खराब होते. म्हातारं माणूस एकटं असेल तर मी रात्रीचा जादा दर लावत नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.

रात्री पक्कं काम करायच्या नादाला लागू नका. सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइप)चा जॉइंट सोल्युशन म्हणजे चिकटवायचा द्रव लावून लगेच प्रेशरवर सोडला तर निसटतो, त्याला सुकायला वेळ लागतोच. लाइन एंड प्लगने (पाइपाच्या तोंडाला बसवायच्या बुचाने) बंद करायची, बाकीचं पाणी चालू करून द्यायचं, सकाळी दुकान उघडल्यावर माल आणून नीट करायचं. त्यासाठी पिशवीत अर्धा इंची दोन एंड प्लग, दोन कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप, एक अँगल कॉक, टेस्टर आणि चार्ज केलेला हेडलॅम्प कायम भरून ठेवा.