वेगवान लॉजिक बफर निवडताना या चुका टाळा

लॉजिक बफर म्हणजे दुबळा डिजिटल सिग्नल पुढे जोरात ढकलणारी चिप. डेटाशीटमधला (चिपच्या माहितीपत्रकातला) सगळ्यात मोठा करंट बघून ती घेणं ही नेहमीची चूक. ७४एचसी२४४ या आठ आउटपुटच्या बफरच्या कमाल मर्यादेच्या तक्त्यात प्रत्येक आउटपुटला ३५ मिलिॲम्पियर दिसतात. त्यापुढे गेलं तर चिप खराब होऊ शकते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ४.५ व्होल्टवर आउटपुटची लॉजिक पातळी मात्र ६ मिलिॲम्पियरला दिलेली असते. शिवाय सप्लाय आणि ग्राउंड पिनची एकूण मर्यादा ७० मिलिॲम्पियर, म्हणजे आठ एलईडींना प्रत्येकी १० दिले तरी ती ओलांडली. खरोखर २४ मिलिॲम्पियर हवे असतील तर ७४एसी२४४ घ्या, आणि ३.३ व्होल्टवर ७४एलव्हीसी२४४.

पण एसी मालिकेची चिप गरज नसताना वापरू नका. तिच्या तीव्र कडा, म्हणजे सिग्नलचे झटकन होणारे चढ-उतार, फार त्रास देतात. प्रत्येकी ५० पिकोफॅरड लोड असलेली सात आउटपुट ५ नॅनोसेकंदांत ५ व्होल्ट खाली आली, की ग्राउंड पिनमधून सुमारे ३५० मिलिॲम्पियर जातात. डीआयपी (लांब पायांच्या) पॅकेजच्या पिनेचा इंडक्टन्स १० नॅनोहेन्री धरा; हा करंट तेवढ्याच वेळात चढला तर चिपचं आतलं ग्राउंड ०.७ व्होल्टने उचललं जातं. टीटीएल (जुन्या ५ व्होल्टच्या लॉजिकच्या) पातळीच्या इनपुटची 'लो'ची हद्द जेमतेम ०.८ व्होल्ट! मग शांत बसलेल्या आठव्या लाइनवर खोटे पल्स दिसतात आणि दोष कोडमध्ये शोधला जातो. ब्रेडबोर्डवर तर हे हमखास. एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारं) पॅकेज, सलग ग्राउंड प्लेन (तांब्याचा अखंड थर), सप्लाय पिनेला चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि लांब लाइनला आउटपुटपाशीच २२ ते ३३ ओहमचा सिरीज रेझिस्टर, एवढं केलं की बहुतेक तक्रारी मिटतात. तपासताना ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर प्रोबचंच रिंगिंग मोजाल.

३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवरून ५ व्होल्टचा सिग्नल हवा असेल तर एचसी नको. ५ व्होल्टवर त्याला 'हाय'साठी ३.५ व्होल्ट लागतात. टेबलावर चालतं, डबा बंद करून गरम झालं की अडखळतं. एचसीटी किंवा एएचसीटी घ्या, त्यांना २ व्होल्ट पुरतात.

मॉसफेटचं (स्विचसारख्या वापरायच्या ट्रान्झिस्टरचं) गेट चालवायला बफर घेण्याआधी हिशोब करा. १ नॅनोफॅरडचं गेट १० नॅनोसेकंदांत ५ व्होल्टला न्यायचं म्हणजे अर्धा ॲम्पियर. तिथे गेट ड्रायव्हरच लागतो. आउटपुट समांतर जोडायचीच असतील तर एकाच चिपमधली जोडा. वेगवेगळ्या चिपमधली एक आधी बदलते आणि तेवढा वेळ दोघी एकमेकींशी झगडतात.

न वापरलेली इनपुट ग्राउंडला किंवा सप्लायला जोडा. आउटपुट चालू-बंद करणाऱ्या एनेबल पिनेला १० किलोओहमचा पुल-अप (सप्लायला जोडलेला रेझिस्टर) द्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत आउटपुट बंद राहतात.