रिन्यूअलचा मेल येण्याआधी करून ठेवायची तयारी

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक ऐन भरात असताना आणि आडतीवर पट्ट्या लिहिताना मान वर करायलाही सवड नसताना, अँटिव्हायरसचे रिन्यूअल झाल्याचा एक मेल मी उघडला आणि तासाभरात माझ्या खात्यातून 18,400 रुपये गेले. म्हणून ही यादी. पासवर्ड देऊ नये, ओटीपी सांगू नये, अनोळखी लिंक दाबू नये, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मलाही होते आणि त्याचा थोडा तोराही होता. मी लिंक दाबली नाही. मी फोन केला.

तेव्हा सर्वांत आधी हे ठरवून ठेवावे की मेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही. माझ्या मेलमध्ये लिंक नव्हतीच. एक पीडीएफ बिल होते, त्यावर 24,999 रुपयांचा आकडा होता, रक्कम आजच वजा होईल अशी ओळ होती आणि तळाशी ठळक अक्षरांत रद्द करण्यासाठीचा नंबर होता. लिंक नसली की असा मेल स्पॅमच्या चाळणीतून सहज सुटतो. काही भामटे तर बिले पाठवणाऱ्या एखाद्या खऱ्याच सेवेवर खाते उघडून तिथूनच बिल धाडतात, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा खरा निघतो. खोटा असतो तो फक्त नंबर. नंबर हवाच असेल तर सॉफ्टवेअरच्या खोक्यावरचा किंवा ज्याच्याकडून घेतले त्या दुकानदाराचा घ्यावा. इंटरनेटवर शोधून वर दिसेल तोही नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

त्यानंतर एक वही करावी. किर्दीचे मागचे पानसुद्धा चालते. कोणती वर्गणी, कोणत्या मेल-पत्त्यावर, कोणत्या कार्डातून किंवा यूपीआय ऑटोपेतून आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहावे. माझ्या अँटिव्हायरसची मुदत मार्चमध्ये संपणार होती, तो मी गंजगोलाईजवळच्या दुकानातून रोखीने घेतला होता आणि त्याचे खोके माझ्या कोपराखालच्याच खणात पडलेले होते. खण उघडला असता तर अर्ध्या मिनिटात खोटे उघडे पडले असते.

पैसे खरेच जाणार आहेत का, हे बँकेच्या ॲपमध्ये पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते, आणि 2022 पासून अशा वर्गणीची रक्कम 15,000 रुपयांच्या वर असेल तर प्रत्येक वेळी ग्राहकाची वेगळी मंजुरी लागते. म्हणजे 24,999 रुपये गुपचूप जाण्याची भीतीच पोकळ होती, पण घाबरलेला माणूस नियम आठवत नाही. तो समोर दिसेल तो नंबर लावतो. तो लावू नये.

पाठवणाऱ्याचे नाव दाबून पूर्ण पत्ता पाहावा, कारण नाव कोणतेही टाकता येते. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की मोबाईलवर एम वाटतो, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच झाले.

फोनवरचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो, हेही आधीच माहीत असू द्यावे. त्याने मला रिफंडचा फॉर्म भरण्यासाठी म्हणून पडदा दाखवणारे एक ॲप मोबाईलवर घ्यायला लावले. ओटीपी मी सांगितलाच नाही. तो वरच्या पट्टीत उमटला आणि त्याने तिकडे बसून वाचला. ही वेळच येऊ नये म्हणून, पुन्हा लिहितो, मेलमधल्या नंबरावर फोन करायचा नाही.

तरीही फसगत झालीच तर मोबाईलचे नेट तोडावे, ते ॲप काढावे, बँकेला कळवून खाते थांबवावे, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सायबर फसवणुकीसाठीचा 1930 हा नंबर मात्र आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्या दिवशी तो शोधण्यात माझी चाळीस मिनिटे गेली आणि तेवढ्यात पैसे दोन खाती पुढे सरकले होते.