जपानी माइनस्वीपरची युद्धकालीन कारकीर्द नाशिकमध्ये बसून कशी लिहावी

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या जपानी माइनस्वीपरची, म्हणजे सागरी सुरुंग काढून जहाजांना वाट मोकळी करून देणाऱ्या नौकेची, कारकीर्द लिहायची असेल तर आरंभ तिच्या जलावतरणापासून न करता शेवटापासून करावा. कारण अशा लहान नौकांच्या नित्याच्या कामाची दखल फारशी कोणी घेत नाही, बुडण्याची तारीख मात्र बहुधा सापडते.

उदाहरणादाखल डब्ल्यू-१३ आणि डब्ल्यू-१४ घ्याव्यात. १२ जानेवारी १९४२ रोजी बोर्निओलगतच्या तराकान या तेलसंपन्न बेटावरील डच सैन्याने सकाळी शरणागती पत्करली, परंतु दक्षिणेकडील कारुंगानच्या किनारी तोफखान्याला त्याची वार्ता नव्हती, आणि सुरुंग काढण्यासाठी पुढे सरकलेल्या या दोन्ही नौका त्याच तोफांनी बुडवल्या. जपान्यांनी पुढे त्या डच तोफचींना ठार मारून सूड घेतला. नोंद नौकेची असली तरी ही बाब त्यातून वगळू नये. तोफांच्या माऱ्याविषयी शंका असल्यास देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण संस्थेत काम केलेले निवृत्त अधिकारी नाशिककरांना जवळच भेटू शकतात.

मूळ कागदपत्रांसाठी जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००१ मध्ये सुरू केलेल्या आशियाई ऐतिहासिक नोंदी केंद्राचे संकेतस्थळ पाहावे. ते विनामूल्य आहे, शोध इंग्रजीतूनही घेता येतो. कागद मात्र जपानीत आहेत, म्हणून निदान जपानी अंक आधी शिकून घ्यावेत. नुसता 'क्रमांक १३' शोधल्यास त्याच क्रमांकाची पाणबुडीविरोधी नौकाही समोर येते. त्या कागदांवरील तारखा शोवा या जपानी कालगणनेत असतात. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो, त्यामुळे शोवा १७ म्हणजे १९४२.

सर्वांत फसवी गोष्ट वेळेची आहे. जपानी नौदल दूरच्या समुद्रांतही टोकिओची वेळ वापरी, आणि जावाची तत्कालीन वेळ तिच्याहून दीड तास मागे होती. परिणामी डब्ल्यू-२ ज्या लढाईत बुडाली, ती जावा आणि सुमात्रा यांमधील सुंदा सामुद्रधुनीतील लढाई स्थानिक घड्याळानुसार २८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री, तर जपानी नोंदीनुसार १ मार्चला सुरू झाली. म्हणून प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या वेळेनुसार आहे हे लिहावे.

सुरुंग काढणे आणि ताफ्यांना संरक्षण देणे यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. डब्ल्यू-१३ वर्गाच्या नौकांवर १२० मिलिमीटरच्या तोफा असल्याने त्यांच्याकडे संरक्षणाचे कामही येई, आणि केवळ वर्गाच्या नावावरून सारी कामगिरी सुरुंगांच्या खात्यात टाकल्यास ते काम नोंदीतून निसटते.